कापड अर्ध्या क्षणाने मागून येते

कथक करणारी नर्तकी चक्कर घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबते, तेव्हा तिचा घागरा थांबलेला नसतो. पाय थबकलेले असतात, हात ठरल्या जागी आलेले असतात, नजर स्थिर झालेली असते, तबल्यावर 'धा' पडून गेलेला असतो आणि सभागृहातून दादही उमटलेली असते. तरी घेराचे कापड आपले पुढे जातच राहते, पायांभोवती एकदा गुंडाळले जाते, उलटे उलगडते आणि मग सावकाश खाली बसते. हा सारा व्यवहार जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. नोकरी बँकेत आणि हौस कॅमेऱ्याची, अशी माझी गेली सोळा-सतरा वर्षे गेली. शनिवार-रविवारी मुंबईतल्या कुठल्या ना कुठल्या नाट्यगृहाच्या विंगेत, झालरीला धक्का लागणार नाही अशा बेताने अंग चोरून उभे राहायचे आणि नाचाची छायाचित्रे काढायची, हा माझा नेम आहे. या काळात वेशभूषा, नृत्य आणि छायाचित्रण या तिन्हींविषयी मला जे काही कळले असेल, ते बहुतेक या अर्ध्या सेकंदाकडे पाहूनच कळले.

त्यामागे गूढ असे काही नाही. घागऱ्याच्या कळ्या कमरेशी निमुळत्या आणि खाली रुंद असतात, शिवाय कडेला जरीचा काठ किंवा गोट लावलेला असतो. त्यामुळे वस्त्राचे बहुतेक वजन खाली, कडेपाशी जमते. नर्तकी फिरू लागली की ते वजन बाहेर फेकले जाते आणि एकेक कळी उघडत जाते. शरीराला थांबायचे ठरवता येते, कापडाला येत नाही. मिळालेला वेग संपेपर्यंत त्याला जावेच लागते. हे शिंप्याला पुरते ठाऊक असते. कड हलकी राहिली, तर घागरा फुग्यासारखा वर येतो आणि तसाच तरंगतो. ती फार जड झाली, तर तो उशिरा उघडतो आणि थांबताना नर्तकीलाच ओढतो. हल्ली वापरतात त्या अगदी झिरझिरीत कापडांचे घेर जाहिरातीत छान दिसतात, पण रंगमंचावर त्यांना ठाव नसतो असे माझे मत आहे. मी जिच्या तालमींना नेहमी जाते, ती नर्तकी कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या तीन-चार तालमी मुद्दाम कार्यक्रमातल्याच घागऱ्यात करते, कारण कमरेवरचे वजन बदलले की चक्करचा तोल बदलतो. तिच्या गुरुबाई एकदा हातातली टाळी थांबवून तिला म्हणाल्या होत्या, "सम तुझी आहे, घागऱ्याची नाही. त्याच्यासाठी थांबू नकोस."

सुरुवातीच्या वर्षांत मला ही गोष्ट कॅमेऱ्यात मुळीच पकडता येत नव्हती, किंबहुना ती पकडायची असते हेच माझ्या लक्षात आले नव्हते. नवशिक्या माणसाला चित्र हलले की आपण चुकलो असे वाटते, म्हणून मी शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली येऊ देत नसे, म्हणजे ते त्याहून जास्त वेळ उघडे राहू देत नसे. चित्रे अगदी स्वच्छ येत. बोटांची नखे दिसत, कपाळावरचा घाम दिसत असे, आणि नाच मात्र दिसत नसे. साडीच्या दुकानात काचेमागे उभा केलेला पुतळा असतो, तशी ती नर्तकी हवेत टांगल्यासारखी दिसे. पुढे एकदा सभागृहातला प्रकाश इतका मंद होता, की नाइलाजाने वेग १/६० वर आणावा लागला आणि त्या रात्रीच्या चित्रांमध्ये चेहरा स्थिर, मान स्थिर, पण कमरेखाली सगळा घेर पुसट पाण्यासारखा पसरलेला असे काही निघाले. तेव्हापासून माझा वेग १/६० ते १/१२५ यांच्यामध्येच फिरतो. त्यात दहापैकी आठ चित्रे वाया जातात, याची मला सवय झाली आहे.

तांत्रिक अडचणी वेगळ्याच ठिकाणी असतात. पूर्वीचे पिवळे दिवे कॅमेऱ्याला सोयीचे होते. त्यांच्या जागी आता एलईडी आले आहेत, आणि कॅमेऱ्याचे आवाज न करणारे शटर वापरले, की त्या दिव्यांच्या न दिसणाऱ्या लुकलुकीमुळे चित्रावर आडवे पट्टे उमटतात. म्हणून मी जुने, आवाज करणारे शटरच वापरते आणि तबल्याचा मोठा बोल पडतो त्याच क्षणी बटण दाबते. त्यामुळे आवाज झाकला जातो आणि, हा आणखी एक लाभ, मला ताल मोजत राहावेच लागते. गौतम राजाध्यक्ष यांची व्यक्तिचित्रे पाहून आमच्या पिढीतल्या अनेकांना कॅमेरा घ्यावासा वाटला, त्यांत मीही होते. त्यांच्या चित्रांतला चेहऱ्यावर अलगद उतरणारा प्रकाश मी आजही शोधते. परंतु तिथे माणूस छायाचित्रकारासाठी बसलेला असतो आणि इथे त्याला छायाचित्रकाराची खबरही नसते.

भरतनाट्यमचा हिशेब निराळा आहे. तिथे कापड मागून येत नाही, ते बरोबरीने उत्तर देते. नर्तकी अरैमंडीत बसली, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धी खाली गेली, की दोन पायांच्या मध्ये शिवलेला चुण्यांचा पंखा तत्क्षणी उघडतो आणि ती उठली की मिटतो. हा पंखा प्राचीन मंदिरशिल्पांतून जसाच्या तसा उतरला असावा अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याचा आजचा शिवलेला अवतार विसाव्या शतकातला आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३० च्या दशकात या नृत्याची वेशभूषा नव्याने आखली, तेव्हा शिल्पे तर त्यांनी पाहिलीच, पण शिवणाच्या कामी एका इटालियन बाईंची मदतही घेतली. मला ही माहिती कळली तेव्हा थोडा हिरमोड झाला आणि मग लगेच आनंद झाला, कारण परंपरेतसुद्धा कोणीतरी हातात कात्री घेऊन बसलेले असते, ही गोष्ट मला फार आवडते.

आणि मराठी माणसाने भरतनाट्यमकडे परकेपणाने पाहण्याचेही कारण नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांनी या नृत्यासाठी मराठीत निरूपणे, म्हणजे नाचायच्या गीतरचना, रचली. मुंबईचे गुरू पार्वतीकुमार यांनी त्या रचनांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या आणि सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या सादर केल्या. पंखा उघडतो आहे, मृदंग दक्षिणेचा आहे आणि कानावर येणारे शब्द मात्र आपले आहेत, असा अनुभव प्रथम आला त्या संध्याकाळी माझे बटण दाबायचे राहून गेले.

लावणीकडे मी उशिरा वळले, याचे कारण सांगायला संकोच वाटतो. आमच्या गिरगावच्या घरात लावणी रेडिओवर चाले, पण पाहायला जाणे शिष्टसंमत नव्हते. वडील मात्र लहानपणी काकांचे बोट धरून लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा पाहून आले होते आणि ती आठवण ते आई स्वयंपाकघरात गेल्यावर आवाज खाली आणून सांगत. दिवसपाळीत ज्यांनी मागावर कापड विणले, ते गिरणी कामगार रात्री तिथे बाकांवर बसून, त्याच कापडाचा नऊ वारांचा खेळ पाहत असत. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, तसा तो प्रेक्षकही पांगला.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एवढे कापड अंगावर असूनही लावणीत ते पायांच्या कधीही आड येत नाही, हे नऊवारीचे खरे कसब आहे. निऱ्यांचा काष्टा दोन पायांमधून मागे नेऊन खोचला, की प्रत्येक पायाला स्वतःचे वेगळे वस्त्र मिळते. मग मांडी घालावी, गिरकी घ्यावी, उकिडवे बसून एका दमात उठावे, ढोलकीच्या तोड्यावर पाय आपटावेत. कापड वाटेतून बाजूला झालेले असते. कोळणीचे लुगडे याच तत्त्वावर गुडघ्यापर्यंत चापून नेसतात, तिथे कारण नाचाचे नसून चिखलाचे आणि टोपलीचे आहे. घागऱ्यासारखा घेर नसल्यामुळे लावणीत मागून येणारे असे फारसे काही उरत नाही. उरतो तो पदर, आणि तोही बहुधा कमरेला खोचलेला. त्यामुळे ती जेव्हा तो सोडवून हातात घेते, तेव्हा काहीतरी घडणार हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही समजते.

बैठकीच्या लावणीत तर सगळा कारभार पदरावरच येऊन ठेपतो. यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, त्या सुमारास त्यांच्या बैठकीची एक चित्रफीत मला पाहायला मिळाली. वय झालेले, बसून गाणे, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी अदा निराळी. पदराचे टोक दोन बोटांत धरून त्या ते खांद्यावरून पुढे आणत, आणि हात थांबल्यावर ते टोक जरासे लोंबत राही, तेवढ्यात त्यांची नजर फिरून दुसरीकडे गेलेली असे. कथकच्या घागऱ्यात जे आठ-दहा मीटरचा घेर करतो, ते इथे वीतभर पदराने केले होते.

जुन्या छायाचित्रांत मात्र हे काहीच सापडत नाही. बालगंधर्वांची स्त्रीभूमिकांतली छायाचित्रे मराठी घरांत देवाच्या तसबिरीशेजारी असत असे म्हटले जाते. आमच्या घरी ती नव्हती, मी ती पुस्तकांत आणि प्रदर्शनांत पाहिली. त्यांच्या साड्या, त्यांची नेसण्याची ढब, केसांतली फुले यांचे अनुकरण घरोघरच्या बायका करीत, म्हणजे आजच्या भाषेत फॅशनचा उगम एका पुरुष नटाच्या अंगावर होता. त्या काळच्या कॅमेऱ्यासमोर निश्चल राहावे लागे. त्यामुळे त्या चित्रांत कापड शरीरापर्यंत येऊन पोहोचलेले असते, प्रत्येक निरी मोजता येते, जरीच्या काठाची नक्षी ओळखता येते. वेशभूषेचा अभ्यास करायला ती चित्रे अनमोल आहेत. पण ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक मंडळ्यांचे संयुक्त 'मानापमान' झाले, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी म्हणून एकाच रंगमंचावर आले, त्या रात्री भामिनी वळली तेव्हा तो शालू कसा वळला असेल, हे त्या चित्रांवरून कधीच कळणार नाही. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच गेले. मला टाइम मशीन मिळाले, तर मी त्या विंगेत जाऊन उभी राहीन. गाणे ऐकायला अर्थातच, पण मुख्यतः त्या शालूसाठी.

परदेशात या प्रश्नाचा थेट पाठलाग करणारे लोक होऊन गेले. लॉय फुलर ही अमेरिकन नर्तकी १८९२ पासून पॅरिसमध्ये गाजली, ती हातांत बांबूच्या काठ्या घेऊन त्यांना जोडलेले रेशमाचे भलेमोठे पंख रंगीत विजेच्या प्रकाशात फिरवीत असे. शरीर जवळजवळ दिसतच नसे, नाचत असे ते कापड. तिने १८९४ साली त्या पोशाखाचे पेटंटही घेतले होते. अमेरिकेच्याच मार्था ग्रॅहम या नर्तकीने १९३० साली याच्या नेमके उलट केले. ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या एका नळीत स्वतःला गुंडाळून, बाकावर बसूनच तिने शोकाचे नृत्य केले. तिथे कापड मागून येत नाही, ते आतून ढकलले जाते आणि त्यावर पडणाऱ्या ताणाच्या रेषा हाच अभिनय होतो. बार्बरा मॉर्गनने १९४० साली घेतलेल्या ग्रॅहमच्या एका छायाचित्रात ती पुढे वाकलेली आहे, हात कपाळाशी आहे आणि मागे उडवलेल्या पायाबरोबर पांढऱ्या घेराची कमान आकाशासारखी उभी आहे. त्या चित्राची छापील प्रत मी कित्येक वर्षे टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. मॉर्गन प्रयोग चालू असताना चित्रे घेत नसे. आधी नृत्य पुन्हा पुन्हा पाहायची, कोणता क्षण हवा ते ठरवायची आणि मग तो स्टुडिओत नव्याने घडवून आणायची. विंगेत उभ्या राहणाऱ्या माझ्यासारखीला ही सरळ लबाडी वाटते. पण चित्र पाहिले की माझे म्हणणे मी मागे घेते.

जपानचे वेशभूषाकार इस्से मियाके यांनी १९९१ साली फ्रँकफर्टच्या विल्यम फोर्साइथ यांच्या बॅले मंडळींसाठी चुणीदार वस्त्रे केली. नर्तकांना ती इतकी सोयीची वाटली, की त्यांतूनच १९९३ मध्ये त्यांची प्रसिद्ध चुण्यांची वस्त्रे बाजारात आली. कपडा आधी हव्या त्या मापाच्या कितीतरी मोठा शिवायचा आणि मग उष्णता व दाब देऊन त्यात कायमच्या चुण्या पाडायच्या, अशी ती पद्धत. आमच्याकडे प्रत्येक निरी रोज हाताने घातली जाते आणि रात्री मोडली जाते, हे मियाके यांना कोणी दाखवले असते तर ते काय म्हणाले असते, असा विचार माझ्या मनात येतो.

शिवलेल्या साडीचा विषय निघाला, की मला भानू अथय्या आठवतात. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली ही मुलगी मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकली, नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटने करू लागली आणि तिथून चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळली. १९८३ साली त्यांना 'गांधी' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. लोकांना तो ऑस्कर ठाऊक असतो. मला मात्र १९६८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटातली मुमताजची ती नारिंगी साडी अधिक महत्त्वाची वाटते. गाणे उड्या मारून नाचायचे होते, आणि साडी नेसून तसे नाचता येत नाही. म्हणून अथय्यांनी आधीच चुण्या घालून, चेन लावून ती साडी शिवूनच घेतली. शरीराला चापून बसलेली ती साडी सुटत नाही, सरकत नाही आणि तरी साडीच दिसते. पुढे लग्नसमारंभांत तिच्या कितीतरी नकला झाल्या. कापडाने केव्हा मागे राहावे आणि केव्हा मुळीच राहू नये, याचा निर्णय घेणारा माणूस म्हणजे वेशभूषाकार, अशी व्याख्या मी केली असती तर ती त्या साडीवरूनच.

इतके सगळे मान्य असूनही शिवलेल्या नऊवारीवर माझा राग आहे, ही विसंगती मी कबूल करते. दादरच्या बाजारात ती आता रांगेने टांगलेली असते. कमरेला इलॅस्टिक, निऱ्या यंत्रावर टाचलेल्या, काष्टा जागच्या जागी शिवलेला. पाडव्याच्या दिवशी गिरगावच्या शोभायात्रेत मोटारसायकलींवरून जाणाऱ्या मुलींच्या अंगावर बहुतेक तीच असते, आणि रस्त्याच्या कडेला आम्ही कॅमेरेवाले एकमेकांच्या कोपरांचा मार खात त्याच मुलींची चित्रे काढतो. तिथे माझी तक्रार नाही. फेटा, नथ, गॉगल आणि नऊवारी हा त्या दिवसाचा थाट आहे. रंगमंचावर मात्र मला फरक दिसतो. नेसलेली नऊवारी पायाबरोबर वळते. शिवलेलीच्या निऱ्या टाचलेल्या असल्यामुळे त्या पुठ्ठ्यासारख्या एकगठ्ठा हलतात, आणि गिरकीनंतर जिथे काही थरथरायला हवे तिथे काहीच थरथरत नाही. माझ्या चित्रांत ते कोणत्याही वेगाला लपत नाही.

गेल्या हिवाळ्यात लावण्यांच्या एका कार्यक्रमाला मी रंगपटात बसले होते. कपडेपट सांभाळणारे मामा इस्त्री करत होते आणि बाजूला पस्तिशीची एक नर्तकी पायांना चाळ बांधत होती. तिच्याही अंगावर शिवलेलीच नऊवारी होती. मी आपला माझा नेहमीचा सूर लावला, की हल्ली नेसायला कोणाला वेळच नाही.

"नेसते की ताई," ती मान वर न करता म्हणाली, "गौरींना घरी नेसते, अर्धा तास घालवून नेसते. इथं मला सहा लावण्या आहेत. दोन गाण्यांमध्ये निवेदक बोलून बोलून किती बोलणार? चार मिनिटं. तेवढ्यात चाळ सोडायचे, साडी बदलायची, दागिने बदलायचे, चाळ परत बांधायचे. तुम्ही नेसवता का?"

मामा इस्त्री थांबवून हसले. मला उत्तर सुचले नाही, तेव्हा मी कॅमेऱ्याची बॅटरी तपासल्यासारखे केले. ती उठली, आरशासमोर उभी राहिली आणि पदर खांद्यावर घेऊ लागली, तेव्हा मला दिसले की तो टाचलेला नव्हता.

"हा मोकळा ठेवायला लावला मी शिंप्याला," तिने आरशातूनच सांगितले. "बाकी सगळं शिव म्हटलं, पदर नको. तो माझा मी लावणार. नाहीतर हातात काय धरू?"

तिसऱ्या लावणीत ढोलकी थांबली, ती थांबली, आणि तिने सोडलेला पदर हवेतच राहिला. तेव्हा माझे शटर १/६० वर होते. मध्यंतरात मी तिला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते चित्र दाखवले. तिने ते बोटांनी मोठे करून आधी कमरेपाशी पाहिले.

"इलॅस्टिक तर नाही ना दिसत, ताई?"